पाचवी गोळी : एक शिकारी, त्याच्या बंदुका आणि पालमचं रान

नवी बंदूक हातात आली की शिकारी काय बघतो? प्रश्न साधा आहे आणि चारशे वर्षांत तो फारसा बदललेला नाही. नळी फुटणार नाही ना? गोळी सरळ जाते का? खांद्याला कशी बसते? आणि शेवटचा प्रश्न, जो कुठल्याही माहितीपत्रकात छापता येत नाही : चाप ओढल्यावर हाताला काय कळतं?

आज आपण ज्या शिकाऱ्याचा अभिप्राय ऐकणार आहोत, त्याला नवी बंदूक विकत घ्यायला दुकानात जावं लागत नव्हतं. कारखाना त्याचाच होता, कारागीर त्याचेच होते, आणि प्रत्येक बंदूक तयार होताना वेगवेगळ्या टप्प्यांवर ती त्याच्या समोर यायची. तो पास करील तेव्हा ती पुढे सरकायची. त्याचं नाव जलालुद्दीन मुहम्मद अकबर. आणि हा अभिप्राय कुठे लिहून ठेवलाय? अबुल फझलच्या ‘आईन-ए-अकबरी’त. आपण ‘आईन’ महसुलासाठी वाचतो, सुभ्यांच्या यादीसाठी वाचतो, आंब्यांच्या आणि पुलावाच्या वर्णनासाठीही वाचतो. बंदुकांवरची ती तीन-चार छोटी प्रकरणं मात्र बहुतेक जण भराभर उलटून जातात. माझ्या मते त्या पानांत अकबराचा स्वभाव जितका दिसतो, तितका दरबाराच्या वर्णनात दिसत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ, कारण मागच्या भागाखाली बऱ्याच जणांनी विचारलं होतं. बंदूक आणि रायफल यात फरक आहे. रायफलच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि भोवऱ्यासारखी स्थिर राहते. अकबराच्या बंदुकांची नळी आतून गुळगुळीत होती. त्या तोड्याच्या बंदुका. तोडा म्हणजे जळती वात. चाप ओढला की वात कानातल्या दारूवर टेकते, ती पेटते, आणि आतली दारू उडते. तोंडाने दारू भरायची, गोळी टाकायची, गजाने ठासायची. आपल्याकडे ‘ठासणीची बंदूक’ म्हणतात ती याच कुळातली. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता पहिला प्रश्न : नळी फुटणार नाही ना? तो अगदी जीवावरचा प्रश्न होता. अबुल फझल सांगतो की पूर्वी लोखंडाची पट्टी ठोकून चपटी करायचे, ती वाकवून दोन्ही कडा एकमेकींना जोडायचे आणि नळी तयार व्हायची. अशा जोडावर नळी उकलायची आणि अपघात व्हायचे. त्यामुळे पाव नळीपेक्षा जास्त दारू भरायची कोणाची छाती नव्हती. नव्या पद्धतीत लोखंडाची पट्टी तिरकी गुंडाळत न्यायची, कागदाची सुरळी करतो तशी. कडेला कड न जोडता एकावर एक पदर चढवायचा आणि हळूहळू तापवत जोडून घ्यायचं. आता नळी फाटायची म्हटली तर फाटायला सरळ रेषाच नाही. शिवाय दुसरीही पद्धत होती : लोखंडाचे भरीव दंडगोल तापवून सळईने आरपार भोक पाडायचं, आणि असे तीन-चार तुकडे जोडून एक बंदूक करायची. अबुल फझलचा दावा असा की अशी नळी तोंडापर्यंत भरून उडवली तरी फुटत नाही.

या पद्धतीचा शोध बादशहानेच लावला, असंही तो म्हणतो. इथे थोडं सावध व्हायला हवं. अबुल फझलच्या लेखी त्या काळात जे जे चांगलं घडलं ते बादशहाच्या बुद्धीतून घडलं. पण एक गोष्ट त्याने प्रामाणिकपणे केली आहे : दोन कारागिरांची नावं दिली आहेत. उस्ताद कबीर आणि हुसेन. मोगल इतिहासात वास्तू बांधणाऱ्या मिस्त्रींची नावंसुद्धा सहज सापडत नाहीत. तिथे दोन बंदूकवाल्या लोहारांची नावं राजग्रंथात यावीत, यावरून त्या कारखान्यात त्यांची काय किंमत होती ते कळतं.

आणखी एक वाक्य तिथे आहे ज्यावर अभ्यासकांनी बराच खल केला आहे. बादशहाच्या ज्ञानामुळे आता बंदुका वातीशिवाय, घोडा जरासा हलवून उडवता येतात, अशा अर्थाचं ते वाक्य आहे. चकमकीची किंवा चाकाची बंदूक अकबराच्या कारखान्यात तयार होत होती, असा याचा अर्थ लावला जातो. शक्य आहे. पण तशी बंदूक सर्वत्र पसरली नाही. हिंदुस्थानात तोडा अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत आणि खेड्यापाड्यांत त्याही पुढे चालत राहिला. याला लोक मागासपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही. चकमकीला चांगला गारगोटीचा दगड लागतो, कडक स्प्रिंग लागते आणि ती बिघडली तर दुरुस्त करणारा लागतो. वातीला सुताची दोरी लागते. जंगलात चार दिवस राहणाऱ्या माणसाला विचारा, तो काय निवडील.

आता दुसरा प्रश्न, गोळी सरळ जाते का. इथे मात्र मला हा शिकारी फार आवडतो, कारण तो कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही.

नळी लांबीला पूर्ण झाली, पण मागचं बूड अजून बसवलेलं नाही, अशा अवस्थेला ‘डौल’ म्हणत. त्या नळीवर लोखंडाचं वजन आणि लांबी आकड्यांत कोरायची आणि ती बादशहाकडे पाठवायची. तिथे गोळीचं वजन ठरायचं. मोठ्या बंदुकीला जास्तीत जास्त २५ टांक, लहानीला १५. टांक म्हणजे चार मासे धरले, तर २५ टांक म्हणजे आठ तोळ्यांहून जास्त शिसं. एवढी जड गोळी बादशहाशिवाय कोणी उडवायला धजत नसे, असं अबुल फझल लिहितो. खुशामत बाजूला ठेवली तरी त्या धक्क्याची कल्पना येते.

मग बूड बसवायचं, एखाद्या जुन्या दस्त्यावर नळी चढवायची, एक तृतीयांश नळी दारूने भरायची आणि उडवून बघायची. कुठून दारू झिरपली नाही तर नळी पुन्हा वर. मग तोंडाचं काम. मग पुन्हा चाचणी. गोळी वाकडी गेली तर नळी तापवायची, आत सळई घालून सरळ करायची आणि बादशहासमोर कानशीवाल्याच्या ताब्यात द्यायची. दस्त्याचं लाकूड आणि घाट यानंतर ठरायचा. पुढे घोडा, गज वगैरे सगळं बसलं की पुन्हा परीक्षा. आता ती बंदूक ‘सादा’ झाली. तिच्याबरोबर पाच गोळ्या पाठवायच्या. बादशहा बंदूक उडवून बघायचा आणि पाचवी गोळी बंदुकीबरोबर परत करायचा. मग रंग ठरायचा. दस्त्याच्या नऊ रंगांतून एक. रंग झाल्यावर ती ‘रंगीन’. पुन्हा पाच गोळ्या, पुन्हा चार बार, पुन्हा पाचवी गोळी परत. सोन्याचं काम अगदी शेवटी, आणि तेही अशा दहा बंदुका जमल्यावर.

ही पाचवी गोळी कशासाठी, ते अबुल फझल सांगत नाही. माझा अंदाज असा : त्या काळी प्रत्येक नळीचं भोक थोडं वेगळं. या बंदुकीला हीच गोळी बसते, याचा नमुना म्हणून ती परत जात असावी. पुढच्या गोळ्या तिच्यावरून ओतायच्या. हा अंदाज आहे, पण काम करणाऱ्या कारखान्याच्या हिशोबाला तो जुळतो.

आणि प्रत्येक बंदुकीवर काय काय कोरलेलं असायचं? कच्च्या लोखंडाचं वजन, तयार लोखंडाचं वजन, लोखंड कुठून आलं, कारागीर कोण, बंदूक कुठे बनली, तारीख आणि क्रमांक. आज शस्त्रपरवान्यावर जे लिहितात त्यापेक्षा हे जास्तच आहे. या सगळ्या नळ्या टप्प्याटप्प्याने ठेवल्या कुठे जायच्या? अंतःपुरात. मोगल जनानखान्याचं जे चित्र सिनेमांनी आपल्या डोक्यात भरलंय, त्यात कोपऱ्यात ओळीने मांडलेल्या बंदुकीच्या नळ्या कोणी दाखवल्याचं मला आठवत नाही.

साफसफाईबद्दलही एक छोटं प्रकरण आहे. आधी एक धट्टाकट्टा माणूस लोखंडी अवजारं घेऊन एकेक नळी घासत बसायचा. मग एक चक्र तयार झालं, ते बैल फिरवायचा, आणि एका वेळी १६ नळ्या साफ व्हायच्या. उसाच्या चरकाची आठवण होते की नाही?

हजारो बंदुकांतून अकबराने १०५ ‘खासा’ म्हणून निवडल्या होत्या. त्यातल्या १२ बारा महिन्यांच्या, ३० आठवड्यांच्या, ३२ दिवसांच्या आणि ३१ राखीव. ठरलेल्या क्रमाने त्या पाळीपाळीने वापरायला निघत. प्रत्येक शिकारीची नोंद ठेवायला कारकून नेमलेले : कोणतं जनावर, कोणत्या बंदुकीने. त्या नोंदीवरून कळतं की ‘संग्राम’ नावाच्या बंदुकीने १,०१९ जनावरं मारली गेली. ही पहिल्या मानाची बंदूक. वर्षाचा पहिला महिना फर्वरदीन, तो तिचा.

आता गंमत बघा. जहांगीर आपल्या आत्मचरित्रात वडिलांच्या नेमबाजीचं कौतुक करताना म्हणतो की याच संग्रामने त्यांनी तीन-चार हजार पशुपक्षी मारले. सरकारी कारकुनाचा आकडा हजार एकोणीस, आणि मुलाच्या आठवणीत तो तिप्पट-चौपट झालेला. आईनची नोंद एका ठरावीक वर्षापर्यंतची आहे, पुढेही शिकार झाली असणार, हे मान्य. तरीही मला या दोन आकड्यांत विश्वासाचा वाटतो तो पहिलाच. १,०१९ हा आकडा कोणी मोजल्याशिवाय लिहीत नाही. तीन-चार हजार हा आकडा वडिलांबद्दल बोलताना कोणाच्याही तोंडात येतो.

मी सुरुवातीला चौथा प्रश्न सांगितला होता. हाताला काय कळतं? त्याचं उत्तर अकबराने दिलं आहे, आणि ते फार अस्वस्थ करणारं आहे.

फेब्रुवारी १५६८. चितोडचा वेढा महिनोन्‌महिने चाललेला. सुरुंगांनी तटाला खिंडार पडलंय आणि रात्री आतले लोक ते बुजवतायत. उजेडात एक माणूस दिसतो, अंगात खिळ्यांचं चिलखत, दुरुस्तीवर देखरेख करणारा. तो कोण, हे अकबराला माहीत नाही. तो संग्राम मागवतो आणि बार काढतो. मग जवळ उभ्या असलेल्या शुजाअत खान आणि राजा भगवंतदासला तो म्हणतो ते ‘अकबरनाम्या’त आहे. त्याचा आशय असा : जनावराला गोळी लागली की हाताला जो आनंद, जो हलकेपणा जाणवतो, तो मला आत्ता जाणवला, म्हणजे माणसाला गोळी लागली. थोड्याच वेळात किल्ल्यात जोहाराच्या ज्वाळा दिसल्या. मेलेला माणूस किल्लेदार जयमल होता.

दुसऱ्या दिवशी किल्ला पडला आणि कत्तल झाली. अबुल फझल स्वतः सुमारे ३०,००० चा आकडा देतो. कत्तलीत बहुतेक साधे शेतकरी होते, जे लढाईत किल्ल्याच्या बाजूने उभे राहिले. आणि ज्यांच्यावर अकबराचा खरा राग होता ते काल्पीचे हजार बंदूकबाज? ते निसटले. आपल्याच बायकामुलांना कैद्यांसारखं बांधून, आपणच मोगल शिपाई असल्यासारखे ते त्यांना हाकत फौजेतून बाहेर पडले. बादशहाच्या बंदुकीची नोंद कारकुनांनी ठेवली. काल्पीकरांच्या बंदुकांचा क्रमांक कोणी लिहिला नाही, पण त्यांनी अकबराच्या फौजेला चांगलंच बेजार केलं होतं.

जयमल आणि पत्ता यांचे हत्तीवर बसलेले पुतळे पुढे उभे राहिले. फ्रान्सचा वैद्य बर्नियर १६६३ मध्ये दिल्लीहून लिहिलेल्या पत्रात लाल किल्ल्याच्या दाराशी असलेल्या दोन दगडी हत्तींचं वर्णन करतो आणि त्यांवरचे वीर हेच, असं सांगतो. ते हत्ती औरंगजेबाच्या काळात मोडले. आज किल्ल्याच्या दिल्ली दरवाजात जे हत्ती दिसतात ते कर्झनने १९०३ मध्ये बसवलेले. तिथे फोटो काढणाऱ्यांना त्यांचा संबंध एका बंदुकीशी आहे हे बहुधा माहीत नसतं.

आता दिल्लीतच थोडं पश्चिमेला जाऊ. पालम. तुमच्यापैकी जे पुण्याहून, नागपूरहून, इंदूरहून किंवा बडोद्याहून दिल्लीला विमानाने आलेत, ते सगळे पालमला उतरलेत. मोगल काळात पालम परगणा ही दिल्लीजवळची राखीव शिकारीची जागा होती. सपाट माळ, झुडपं, उंच गवत, आणि काळविटांचे कळप. जहांगीर आपल्या आठवणींत पालमच्या शिकारीचा उल्लेख करतो. शाहजहानचा दरबारी इतिहास सांगतो की त्याने पालमला आपल्या ‘खासबान’ नावाच्या बंदुकीने एका दिवसात ४० काळवीट मारले. ही गोष्ट इतिहासकाराने मोठ्या अभिमानाने नोंदवली आहे. एका दिवसात चाळीस. तोड्याच्या बंदुकीने, प्रत्येक बारानंतर नळी भरत. अर्थात भरायला नोकर होते आणि बंदुकाही एकाहून अधिक असणार, पण नाव खासबानचं.

जहांगीर तर हिशोबाच्या बाबतीत बापाच्याही पुढे. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत आपल्या समोर किती शिकार झाली, याचा त्याने दफ्तरातून आकडा काढवला : २८,५३२. त्यातली स्वतःच्या हातची १७,१६७. वाघसिंह ८६. आणि या यादीत ३,००० च्या वर कावळेसुद्धा आहेत. हिंदुस्थानचा बादशहा कावळे मारत होता, आणि कारकून ते मोजत होता.

बंदूक कुठून उडवावी याबद्दल मात्र जहांगीरचं मत अनुभवी माणसाचं आहे. हत्ती वाघाच्या वासाने स्थिर उभा राहत नाही, त्यामुळे हौद्यातून नेम साधणं फार अवघड, असं तो म्हणतो. मिर्झा रुस्तम हा त्याच्या मते आपल्यानंतरचा सर्वांत चांगला नेमबाज, तोही हत्तीवरून तीन-चार वेळा चुकलेला. हे सगळं तो का सांगतोय? कारण १६१९ मध्ये मथुरेजवळ नूरजहानने हौद्यातून एका गोळीत वाघ पाडला. जहांगीरने स्वतःच्या हाताने जीव न मारण्याचं व्रत तेव्हा घेतलं होतं, म्हणून त्याने बंदूक तिच्याकडे दिली. त्याआधी १६१७ मध्ये तिने सहा गोळ्यांत चार वाघ मारले होते. एका शिकाऱ्याने दुसऱ्या शिकाऱ्याला दिलेली ही मनापासूनची दाद आहे; त्यात नवरेपणा कमी आणि जाणकारी जास्त आहे.

पण याच माणसाने, याच आत्मचरित्रात, आणखी एक प्रसंग नोंदवला आहे. एकदा नीलगाय अगदी टप्प्यात आली असताना अचानक एक घोड्याबरोबरचा नोकर आणि दोन कहार समोर आले. नीलगाय पळाली. जहांगीरने नोकराला जागेवर ठार मारायला सांगितलं, कहारांच्या पायांच्या शिरा तोडायला लावल्या आणि त्यांना गाढवावर बसवून छावणीभर फिरवलं. पुढच्याच ओळीत तो घोड्यावर बसून शिकारीला निघाला आहे. त्याला हे लपवावंसं वाटलं नाही, म्हणून आपल्याला कळलं. त्या तिघांची नावं कारकुनांनी लिहिली नाहीत. १७,१६७ मध्ये ते धरलेले नाहीत.

बर्नियर दिल्ली-आग्र्याच्या आसपासच्या रानाबद्दल लिहितो ते यासोबत वाचायला हवं. यमुनेच्या काठाने डोंगरापर्यंत, आणि लाहोरच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पडीक जमीन आहे, झुडपांनी आणि पुरुषभर उंच गवताने भरलेली. तिच्यावर कडक पहारा. तितर, लावे, ससे लोक जाळ्याने धरतात. बाकी जनावराला कोणी हात लावायचा नाही. म्हणून जनावर भरपूर. आपण आज याला अभयारण्य म्हणून कौतुक करू. पण त्या गवताच्या काठावर ज्याचं शेत होतं, त्याच्या उभ्या पिकात रात्री नीलगायी शिरत असतील तेव्हा तो काय करत असेल? बंदूक कशी असावी याबद्दल बादशहाचं मत आपल्याकडे तपशीलवार आहे. शेतकऱ्याचं मत कुठेही नाही.

आपल्याकडेही पेशव्यांचा पुण्यात शिकारखाना होता, आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे चित्ते प्रसिद्धच आहेत. तो स्वतंत्र भागाचा विषय आहे, आज त्यात शिरत नाही.

एकोणिसाव्या शतकात खरी रायफल आली, आणि तिच्याबरोबर मतं छापणारे शिकारी आले. त्यातला आपल्या दृष्टीने महत्त्वाचा कॅप्टन जेम्स फोर्सिथ. सातपुड्यात आणि निमाडात काम केलेला, १८६२ मध्ये पचमढीला पोहोचलेला. खेळाच्या रायफलीवर आणि तिच्या गोळ्यांवर त्याने १८६३ मध्ये पुस्तकच काढलं. त्याचं म्हणणं त्या वेळच्या लष्करी शहाणपणाच्या उलट होतं. लष्कराला लांबचा पल्ला हवा होता, म्हणून लांबट गोळी आणि जास्त पीळ. फोर्सिथ म्हणाला, जंगलात जनावर दिसतं ते जवळून, अंतर मोजायला वेळ नसतो. तेव्हा मोठी वाटोळी गोळी, भरपूर दारू आणि अगदी कमी पीळ, म्हणजे गोळी सरळ रेषेत जाईल आणि शिकाऱ्याला अंदाज बांधत बसावं लागणार नाही. पीळ जास्त आणि दारूही जास्त असेल तर शिशाची गोळी खाचा पकडतच नाही, नुसती घसरत निघते, हेही त्याने नीट समजावलं. मेळघाट आणि निमाड ज्यांनी पाहिलंय त्यांना त्याचा मुद्दा लगेच पटेल. बांबूच्या बेटात कोण हजार पावलांवरचा नेम धरणार?

लष्करी रायफलचं दिल्लीतलं प्रकरण सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. एनफिल्डची ती चरबी लावलेली काडतुसं, मेरठ, आणि ११ मे १८५७ ला दिल्लीतला दारूगोळ्याचा कोठार इंग्रजांनीच उडवून देणं. त्या कोठाराची दारं काश्मिरी गेटजवळच्या लोथियन रोडवर अजून उभी आहेत. त्यानंतर सरकारचा दृष्टिकोन एका वाक्याचा झाला : बंदूक कोणाकडे आहे ते आम्हाला कळलं पाहिजे. १८७८ चा शस्त्रकायदा लिटनच्या काळात आला; त्यात युरोपियनांना सूट होती आणि हिंदी माणसाला परवाना. १८८७ मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनात त्याविरुद्ध ठराव झाला.

बंदुकीचा बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास, हीसुद्धा आता राजकारणाची गोष्ट झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारने .४५० बोअरच्या रायफली हिंदुस्थानात आणायला बंदी केली. कारण मार्टिनी-हेन्री ही लष्करी बंदूक त्याच मापाची. शिकाऱ्यांची काडतुसं भलत्यांच्या हाती गेली तर? लंडनच्या बंदूकवाल्यांनी लगेच .४६५, .४७०, .४७५ अशी मापं काढली. आज जगभर हत्तीच्या शिकारीची म्हणून जी मापं मिरवली जातात, त्यांतली काही शिकाऱ्याच्या मागणीमुळे नव्हे, कलकत्त्यातल्या सरकारी भीतीमुळे जन्मली.

स्वतंत्र भारताने तोच धागा पुढे नेला. .३०३ हा लष्करी बोअर, म्हणून सामान्य माणसाला मना. मग बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्याने नागरिकांसाठी .३१५ ची स्पोर्टिंग रायफल काढली. यंत्रणा ली-एनफिल्डचीच, पाच काडतुसांचं मॅगझिन, फक्त काडतूस वेगळं, म्हणजे लष्कराचं काडतूस तिच्यात चालू नये. दिल्लीभोवतीच्या पश्चिम उत्तर प्रदेशात आणि हरियाणात परवानाधारकांच्या घरात हीच दिसते. नाव तिचं स्पोर्टिंग, पण खेळ कुठला? १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर शौकाची शिकार संपलीच. त्यामुळे आज एखाद्या भारतीय कारखान्याने नवी शिकारी रायफल बाजारात आणली, तर तिच्याबद्दल मत देणारा शिकारी कायद्याने अस्तित्वातच नाही. लोक लक्ष्यफलकावर मारून मत देतात. फलक पळत नाही, आणि फलक पीकही खात नाही.

पीक मात्र खाल्लं जातंय. नीलगायीला दिल्लीच्या आसपासचे शेतकरी ‘रोज’ म्हणतात, विदर्भातला शेतकरी ‘रोही’. दोघांची तक्रार एकच : हरभरा राहत नाही, गहू राहत नाही. पालमच्या विमानतळाच्या आवारात नीलगायी शिरल्याच्या बातम्याही येऊन गेल्या आहेत. शाहजहानचे काळवीट मात्र त्या माळावर उरले नाहीत. पिकाला धोका झालेलं जनावर मारायचं तर वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो, आणि तो यायच्या आत कळप दोन गावं पुढे गेलेला असतो. कायदा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. परवाना मोकळा सोडला तर काय होतं हे जहांगीरच्या यादीत दिसतंच. पण शेतकऱ्याचं म्हणणं लिहून घेणारा कारकून आजही नेमलेला नाही.

आणि आता ती ठासणीची बंदूक. १९५९ चा शस्त्रकायदा, कलम १३. शेतकऱ्याने पीक राखण्यासाठी परवाना मागितला तर त्याला कोणती बंदूक द्यायची, हे तिथे लिहिलंय : तोंडाने भरायची, ठासणीची. ती पुरेशी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तरच दुसरी, तीही गुळगुळीत नळीची. म्हणजे शिकाऱ्यासाठी पिळाची रायफल, लष्करासाठी स्वयंचलित, आणि शेताच्या बांधावरच्या माणसासाठी दारू ओता, गोळी टाका, गजाने ठासा. उस्ताद कबीरला ती दाखवली असती तर बार कसा भरायचा हे त्याला समजावून सांगावं लागलं नसतं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत अशा शेतीसंरक्षण परवान्याच्या बंदुका आजही घराघरात आहेत, माकडांसाठी, रानडुकरांसाठी. निवडणूक जाहीर झाली की त्या पोलीस ठाण्यात जमा करायच्या, निकाल लागल्यावर परत आणायच्या. तेवढ्या दिवसांत डुकरं बागेत येतच राहतात.

पुढच्या भागात नजफगडच्या झिलेबद्दल बोलू, ती भरलेली असताना तिथे काय काय उतरायचं त्याबद्दल. भेटू.